‘कामगार वर्ग हीच माझी मायभूमी’: आंद्रेई प्लातोनोव आणि १९३१ चं प्रकरण

१९३१ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मॉस्कोच्या ‘क्रास्नाया नोव’ मासिकाचा तिसरा अंक स्टालिनच्या वाचनात आला. त्यात आंद्रेई प्लातोनोवची ‘व्प्रोक’ नावाची दीर्घकथा होती. नावाचा अर्थ साधारण ‘पुढच्या बेगमीसाठी’, आणि खाली उपशीर्षक ‘गरीब शेतकऱ्याची बखर’. वाचता वाचता स्टालिनने समासात शेरे मारले. त्यांतला एक होता ‘हरामखोर’. मग त्याने संपादकांसाठी चिठ्ठी लिहिली: आमच्या शत्रूंच्या हस्तकाने सामूहिक शेतीच्या चळवळीची अब्रू घालवण्यासाठी ही गोष्ट लिहिली आहे, आणि बिनडोक कम्युनिस्टांनी आपलं अतुलनीय आंधळेपण दाखवण्यासाठी ती छापली आहे. ताजा कलम असा की लेखकाला आणि त्या बिनडोकांना अशी शिक्षा व्हावी, जी त्यांच्या ‘बेगमीला’ पडेल.

ज्याला शत्रूचा हस्तक म्हटलं तो रेल्वे कारखान्यातल्या फिटरचा मुलगा होता. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास कामाला लागलेला, क्रांतीनंतर शिकून अभियंता झालेला, आणि दुष्काळी भागात तळी-विहिरी खोदण्यात ऐन तारुण्याची वर्षं घालवलेला. सोव्हिएत सत्तेला ज्या माणसाचं स्वप्न पडत होतं, तोच हा माणूस. सुरुवातीच्या सोव्हिएत साहित्यातल्या भ्रमनिरासाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा दोन अंकी नाटक डोळ्यांसमोर ठेवतो: पहिल्या अंकात स्वप्न, दुसऱ्यात जाग. प्लातोनोवचं प्रकरण या साच्यात बसत नाही, म्हणून ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. माझ्या मते त्याची श्रद्धा तुटली नाही. त्याने त्या श्रद्धेनेच क्रांतीचा हिशेब मागितला, आणि सत्तेला झोंबलं ते हेच.

पाण्याचा माणूस

प्लातोनोवचा जन्म १८९९ चा, वोरोनेझ शहराच्या कडेला असलेल्या याम्स्काया वस्तीतला. खरं आडनाव क्लिमेंतोव. वडिलांच्या प्लातोन या नावावरून त्याने टोपणनाव घेतलं. घरात भावंडांची रांग आणि तो सगळ्यांत थोरला. क्रांती झाली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढची तीन-चार वर्षं त्याने वोरोनेझच्या वर्तमानपत्रांत झपाटल्यासारखं लिहिलं: कविता, लेख, विज्ञानकथा. १९२१ मध्ये विद्युतीकरणावर पुस्तिका आली, १९२२ मध्ये कवितासंग्रह. त्या काळातल्या त्याच्या एका कथेत एक अभियंता डोंगर उडवून वाऱ्यांच्या दिशा बदलायला निघतो, पृथ्वीचं हवामानच दुरुस्त करायला. माणसाची बुद्धी आणि यंत्र एकत्र आले की भूक, थंडी, मरण यांचाही बंदोबस्त होईल, असं या तरुणाला मनापासून वाटत होतं.

मग १९२१ चा अवर्षणाचा उन्हाळा आला. व्होल्गाचं खोरं आणि आसपासचे प्रांत होरपळले, लाखो माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली. पुढे आत्मपरिचयात प्लातोनोवने लिहिलं की त्या दुष्काळाचा आपल्यावर फार खोल परिणाम झाला आणि तंत्रज्ञ असल्यामुळे साहित्यासारख्या नुसत्या चिंतनाच्या कामात आपल्याला राहवेना. तो लेखन बाजूला ठेवून वोरोनेझ प्रांताचा भूसुधारणा अधिकारी झाला. १९२६ पर्यंतच्या कामाचा जो दाखला त्याला मिळाला, त्यात ७६३ तळी, तीनशेवर विहिरी, हजारो एकर दलदलीचा निचरा आणि खेड्यांतली ३ वीजकेंद्रं नोंदली आहेत.

हे आकडे मी मुद्दाम देतो. पहिल्या दशकातल्या बहुतेक सोव्हिएत लेखकांनी क्रांती पाहिली ती घोडदळातून, सभांतून, वर्तमानपत्राच्या कचेरीतून. प्लातोनोवने ती पाहिली मातीच्या बांधावरून. ओढ्यावर बांध घालायचा तर फावडी कुठून आणायची, मजुरांना धान्य कोण देणार, पहिल्या पुरात बांध टिकेल का, हे त्याचे रोजचे प्रश्न. त्याच्या ‘विजेची मायभूमी’ या कथेत अवर्षणाने भाजलेल्या खेड्यात पाऊस पडावा म्हणून देवाची तसबीर घेऊन मिरवणूक निघते, आणि त्याच खेड्यात अर्धी जमिनीत पुरलेली ‘इंडियन’ मोटरसायकल डायनॅमो फिरवते. इंधन म्हणून तिच्यात गावठी दारू ओततात. ही क्रांती त्याच्या ओळखीची होती: तुटपुंजी, जुगाडावर चाललेली, आणि तरी पाणी वर खेचणारी.

१९२६ मध्ये तो मॉस्कोला गेला. नोकरी गेली, घराचा पत्ता नाही. वर्षअखेरीस तांबोवला बदली झाली. तिथे कचेरीतली कारस्थानं, अडाणी वरिष्ठ आणि पैशाविना अडलेली कामं त्याच्या वाट्याला आली. पत्नी मारियाला लिहिलेल्या तिथल्या पत्रांत एकटेपणा ठासून भरला आहे. त्याच काही महिन्यांत त्याने ‘एपिफानचे जलदरवाजे’ ही कथा लिहिली. तिच्यात पीटर झारच्या हुकमावरून एक इंग्रज अभियंता कालवा खोदतो. नकाशावर सगळं जुळतं, नदीत पाणी पुरत नाही, आणि शेवटी अभियंत्याचा शिरच्छेद ठरतो. पाणी कमी पडणार हे खेड्यातल्या बायकांना आधीपासून ठाऊक असतं. भूसुधारणा खात्यात काम केलेल्या माणसालाच अशी कथा सुचावी.

चेवेंगूरमधलं मूल, खड्ड्यातली मुलगी

१९२९ पर्यंत ‘चेवेंगूर’ ही कादंबरी पूर्ण झाली. तिच्यातल्या गवताळ मैदानावरच्या गावात काही माणसं ठरवतात की आजपासून साम्यवाद सुरू. त्यासाठी ते गावातल्या बुर्झ्वांना, म्हणजे मालमत्तावाल्यांना, गोळ्या घालतात आणि मग वाट पाहत बसतात. काम बंद, कारण कामातून मालमत्ता तयार होते आणि मालमत्तेतून जुलूम. माणसांसाठी राबायला सूर्य पुरेसा आहे. दर शनिवारी मात्र श्रमदान होतं: लोक घरं आणि बागा उपटून एकमेकांजवळ ओढत आणतात, म्हणजे माणसंही जवळ येतील. रोझा लक्झेंबर्ग या मारल्या गेलेल्या क्रांतिकारक स्त्रीवर जीव जडलेला, ‘प्रोलेतारियन शक्ती’ नावाच्या घोड्यावरून फिरणारा कोपेन्किन त्या गावात येतो. त्याच सुमारास एका भटक्या बाईचं मूल मरतं. साम्यवाद खरोखर आला असेल तर मूल मरेलच कसं? चेपूर्नी, त्या गावचा मुखिया, मुलाला निदान एक मिनिट तरी जिवंत करायला धडपडतो. जमत नाही. कोपेन्किनला शंका येते की इथे साम्यवाद नाहीच.

या प्रसंगावर थांबायला हवं. प्लातोनोव सिद्धान्ताशी सिद्धान्ताने भांडत नाही. ही माणसं जे म्हणतात ते तो शब्दशः खरं धरतो. तुम्ही म्हणालात दुःख संपलं. मग हे काय? विहिरीला पाणी लागलं की नाही हे पोहरा टाकूनच कळतं, तसा त्याच्याकडे क्रांतीचा एकच मापदंड आहे: सगळ्यांत दुबळा जीव जगला का?

कादंबरीचा सुरुवातीचा भाग छापून आला, पण अख्खं पुस्तक अडलं. प्लातोनोवने हस्तलिखित ज्येष्ठ लेखक मॅक्झिम गॉर्कीला पाठवलं. १९२९ च्या सप्टेंबरात गॉर्कीचं उत्तर आलं: लेखक गुणी आहे, पण तुमच्या मनोवृत्तीला अराजकी वळण आहे, तुमची क्रांतिकारक माणसं वाचकाला चक्रम आणि अर्धवट वाटतात, हे पुस्तक छापलं जाणार नाही. गॉर्कीचं निदान मला अर्धंच बरोबर वाटतं. माणसं चक्रम आहेत खरी, पण लेखक त्यांच्याकडे वरून पाहत नाही. तो त्यांच्याच रांगेत उभा आहे.

त्याच महिन्यात ‘ओक्त्याब्र’ मासिकात ‘शंकेखोर मकार’ ही कथा आली आणि पहिला तडाखा बसला. स्टालिनने ती वाचून नाराजी कळवली. मासिकाचा संपादक फादेयेव याने चूक कबूल केली. समीक्षक आवेरबाख तुटून पडला. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसला असता. प्लातोनोवने त्या हिवाळ्यात ‘कोतलोवान’, म्हणजे ‘पायाचा खड्डा’, लिहायला घेतली. हस्तलिखितावर तारखा आहेत डिसेंबर १९२९ ते एप्रिल १९३०. बरोबर तेच महिने: डिसेंबरअखेर स्टालिनने कुलकांना, म्हणजे सधन ठरवलेल्या शेतकऱ्यांना, ‘वर्ग म्हणून’ संपवण्याची घोषणा केली आणि ३० जानेवारीला पॉलिट ब्युरोचा, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीचा, ठराव झाला. पाठोपाठ लाखो माणसं घराबाहेर काढली गेली.

कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात वोश्चेव नावाचा माणूस तिसाव्या वाढदिवशी कारखान्यातून काढला जातो. कारण कागदावर नोंदलेलं आहे: अंगातली वाढती दुर्बलता आणि कामाच्या सार्वत्रिक वेगात विचारमग्नता. तो खोदकाम करणाऱ्यांत सामील होतो. साऱ्या कामगारांसाठी एकच मोठं घर उभं राहणार आहे, त्याचा पाया ते खोदताहेत. नकाशा वाढत जातो, खड्डा वाढत जातो, घर काही उठत नाही. खोदणाऱ्यांना मातीत शंभर शवपेट्या सापडतात. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यांनी त्या आपापल्या मापाने करून पुरून ठेवल्या आहेत. ते येऊन मागतात: त्यांच्याकडे स्वतःचं असं तेवढंच उरलं आहे. दोन पेट्या मात्र खोदणाऱ्यांतला चिकलिन नास्त्या या अनाथ मुलीसाठी ठेवून घेतो, एक झोपायला आणि एक खेळणी ठेवायला.

नास्त्या म्हणते की मुख्य माणूस लेनिन आणि दुसरा (लाल घोडदळाचा सेनापती) बुद्योनी. पूर्वी नुसते बुर्झ्वा होते तेव्हा मला जन्माला यायचंच नव्हतं, लेनिन आला तशी मी आले. तिची आई कारखानदाराची मुलगी होती आणि मरताना तिने पोरीला बजावलं होतं की कुणाची मुलगी ते कुणाला सांगू नकोस. खोदणारे जगतात ते या मुलीकडे पाहून. गावातल्या कुलकांना तराफ्यावर चढवून नदीवाटे समुद्राकडे लोटलं जातं. आणि नंतर नास्त्या आजारी पडून मरते. वोश्चेव तिच्यापाशी उभा राहतो. साम्यवाद आधी लहान मुलाच्या मनात नसेल तर जगात तो कुठे असणार, हे त्याला आता कळत नाही. चिकलिन खडकात खोल कबर खोदतो. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकाचं निवेदन आहे: या मुलीच्या मृत्यूतून समाजवादी पिढीचा अंत दाखवण्यात कदाचित माझी चूक झाली असेल, पण ती चूक अतिशय लाडक्या गोष्टीबद्दलच्या काळजीपोटी झाली, जी गमावणं म्हणजे सारा भूतकाळच नव्हे तर भविष्यकाळही नष्ट होणं.

हे निवेदन सेन्सॉरची समजूत काढण्यापुरतं आहे असं म्हणणारे आहेत. मी ते शब्दशः घेतो. कादंबरीचं पान न् पान त्याच सुरात लिहिलेलं आहे.

मुठीवर गुंडाळलेला ‘प्राव्दा’

आता ‘व्प्रोक’. आधीच्या दोन्ही पुस्तकांपेक्षा ही कथा कितीतरी मवाळ आहे. २ मार्च १९३० रोजी ‘प्राव्दा’ या पक्षाच्या वर्तमानपत्रात स्टालिनचा ‘यशामुळे आलेली भोवळ’ हा लेख आला. सामूहिकीकरणात, म्हणजे शेतकऱ्यांना सामूहिक शेतीत आणण्याच्या मोहिमेत, जबरदस्ती झाली, तिचा ठपका त्यात स्थानिक कार्यकर्त्यांवर ठेवला होता. त्या सुमारास देशातली निम्म्याहून जास्त शेतकरी कुटुंबं कागदोपत्री सामूहिक शेतीत होती. लेखानंतर लोक भराभर बाहेर पडले आणि उन्हाळ्यापर्यंत प्रमाण जेमतेम पाव हिश्श्यावर आलं. प्लातोनोवचा निवेदक, एक ‘मनाने गरीब’ माणूस, त्याच मार्चमध्ये काळ्या मातीच्या मुलखात सामूहिक शेत्या पाहत हिंडतो.

त्याला भेटणारी माणसं उत्साही आहेत. एका ठिकाणी विजेचा सूर्य उभारलेला आहे आणि त्याची नियमावली लिहून काढली आहे. कलम पहिलं: आकाशातल्या त्याच नावाच्या ज्योतीची अंधाऱ्या आणि ढगाळ वेळेतली तूट भरून काढण्यासाठी हा सूर्य संघटित केला आहे. कलम दुसरं: सामूहिक शेतीचा सूर्य सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा महिने प्रकाश पाळील. हसू येतं, पण ज्याने स्वतः खेड्यात वीज नेली त्या माणसाचं हे लेखन आहे. त्या नियमावलीतला भाबडा गंभीरपणा त्याला प्रिय आहे.

खरा प्रसंग आहे कोंद्रोवचा. हा एका शेतीचा प्रमुख. वरून हुकूम येत होते: शंभर टक्के, ताबडतोब. त्याने ते मानले नाहीत. तालुक्याच्या साहेबांनी आपली एकट्याची लहर म्हणजे सर्वांचा उत्साह असं समजून इतकी दौड मारली की गरीब शेतकऱ्यांच्या नजरेला ते केव्हाच शेतांपलीकडे दिसेनासे झाले, असं निवेदक सांगतो. स्टालिनचा लेख येतो त्या दिवशी कोंद्रोव विहिरीच्या कठड्यावर बसून आनंदाने घुमत असतो. एवढ्यात तालुक्याचा अध्यक्ष येतो. त्याने लेख वाचलेला नाही. तो म्हणतो, घुमतोस काय, जरा आकडेवारीचा तक्ता करून दे. कोंद्रोव ‘प्राव्दा’ मुठीवर गुंडाळतो आणि अध्यक्षाच्या कानाखाली वाजवतो.

म्हणजे कथा स्टालिनच्या बाजूची! नायक स्टालिनच्याच लेखाने अतिरेकी अधिकाऱ्याला ठोकतो. मग संताप कशाचा? मला कारण असं दिसतं. ‘अतिरेक झाला’ हे सांगण्याचा हक्क त्या मार्चमध्ये फक्त वरच्या माणसाला होता, आणि तेही झालेल्या गोष्टी मिटवण्यासाठी. ‘व्प्रोक’मध्ये तेच एक गरीब माणूस खालून, पायी हिंडून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगतो. त्याच्या सांगण्यात लेखाआधीचे महिने आपत्तीसारखे जाणवतात. कोंद्रोवचा आनंद हा सुटका झालेल्या माणसाचा आनंद आहे. तो खरा मानला, तर कशातून सुटका, हा प्रश्न येतोच. आज्ञाधारक माणसाने केलेलं अनुमोदन स्टालिनला चाललं असतं. कोंद्रोवचं अनुमोदन स्वतःच्या अकलेने केलेलं होतं.

जून आणि जुलै

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. ‘क्रास्नाया नोव’चा संपादक पुन्हा फादेयेवच होता, त्यामुळे गळ्याशी आलं ते त्याच्या. ३ जुलैला ‘इझ्वेस्तिया’ या वर्तमानपत्रात त्याचा लेख आला, मथळा ‘एका कुलकी बखरीबद्दल’. ज्याने कथा छापली त्यानेच लेखकाला वर्गशत्रू ठरवलं.

त्याआधी ८ जूनला प्लातोनोवने स्टालिनला पत्र लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ‘प्राव्दा’ आणि ‘लितेरातुर्नाया गाझेता’ यांना. खाली सही करणारा आपल्या आजवरच्या साऱ्या, छापलेल्या आणि न छापलेल्या, साहित्याचा त्याग करतो, असं त्यात होतं. पत्र छापलं गेलं नाही. २४ जुलैला त्याने गॉर्कीला लिहिलं की मी वर्गशत्रू नाही. ‘व्प्रोक’सारख्या चुकांपायी कितीही सोसावं लागलं तरी मी वर्गशत्रू होऊ शकत नाही आणि मला त्या अवस्थेला कुणी नेऊही शकत नाही, कारण कामगार वर्ग हीच माझी मायभूमी आहे आणि माझं भविष्य त्याच्याशी बांधलेलं आहे.

त्याच जून महिन्यात दुसऱ्या एका लेखकाने स्टालिनला पत्र लिहिलं. येवगेनी झाम्यातिन, तोही अभियंता, जहाजबांधणीतला. लेखनाची संधी हिरावणं हा लेखकाला देहदंडच आहे, तेव्हा ती शिक्षा बदलून मला देशाबाहेर जाऊ द्या, अशी त्याची मागणी होती. गॉर्कीच्या मध्यस्थीने ती मान्य झाली आणि वर्ष संपण्यापूर्वी झाम्यातिन देश सोडून गेला. झाम्यातिनच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण प्लातोनोवपुढे तो रस्ता नव्हताच. परवानगी मिळाली असती तरी तो कुठे जाणार होता? वोरोनेझची तळी पॅरिसात नव्हती.

पश्चात्तापाच्या पत्रावरून त्याला भित्रा ठरवणं सोपं आहे. पुढचं लेखन काही वेगळं सांगतं. सगळ्या साहित्याचा त्याग जाहीर केल्यावर वर्ष-दोन वर्षांत त्याने ‘चौदा लाल झोपड्या’ हे नाटक लिहिलं. विषय सामूहिक शेतीतली उपासमार, तीही १९३२-३३ च्या महादुष्काळाच्या दिवसांत, जेव्हा दुष्काळ हा शब्दही वर्तमानपत्रात छापत नव्हते. नाटक त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. त्या काळात तो वजनकाट्यांच्या कारखान्यांच्या एका ट्रस्टमध्ये अभियंता म्हणून काम करून घर चालवत होता. १९३४ पर्यंत त्याचं जवळपास काहीच प्रसिद्ध झालं नाही.

शिक्षा मात्र तिथे थांबली नाही. १९३८ मध्ये त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाला, प्लातोनला, अटक झाली आणि उत्तरेत नोरिल्स्कला पाठवलं गेलं. कादंबरीकार शोलोखोवने शब्द टाकल्यावर १९४० मध्ये तो परतला, क्षय घेऊन. जानेवारी १९४३ मध्ये तो मेला. बापालाही क्षय जडला. युद्धात वार्ताहर म्हणून आघाडीवर राहिलेल्या प्लातोनोवची ‘इवानोवचं कुटुंब’ ही कथा १९४६ मध्ये आली, आणि १९४७ च्या जानेवारीत तिला ‘बदनामीकारक कथा’ ठरवण्यात आलं. ५ जानेवारी १९५१ रोजी मॉस्कोत तो वारला.

‘पायाचा खड्डा’ सोव्हिएत संघात छापली गेली १९८७ मध्ये, ‘नोवी मीर’ मासिकात, ‘चेवेंगूर’ पुढच्या वर्षी. गोर्बाचोवचा काळ होता, आणि अनेकांनी ही पुस्तकं क्रांतीविरुद्धची साक्ष म्हणून वाचली. भुकेल्या वाचकाने तसं वाचावं यात नवल नाही. तरी मला वाटतं की या वाचनाने फादेयेवचाच निकाल कायम केला; १९३१ मध्ये ज्याला गुन्हा म्हटलं होतं त्याची आता तारीफ झाली, एवढाच फरक. दोन्हीकडे गृहीत तेच की इतकं भयानक लिहिणारा माणूस विरोधकच असणार. चिकलिन आणि कोपेन्किन यांच्यासारखी माणसं या वाचनात मूर्ख किंवा खुनी उरतात. ती खुनी आहेतच, चेवेंगूरच्या चौकातल्या गोळ्या प्लातोनोवने लपवलेल्या नाहीत. पण मेलेल्या मुलाला एका मिनिटासाठी जिवंत करू पाहणारा चेपूर्नीही तोच माणूस आहे, आणि प्लातोनोवने त्या दोन गोष्टी कधी एकमेकींपासून तोडू दिल्या नाहीत. म्हणूनच ‘व्प्रोक’ आज पुन्हा वाचायला हवी, आणि तीही ‘पायाचा खड्डा’ संपवल्यावर लगेच. नास्त्याला पुरून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा याच माणसाने कोंद्रोवला विहिरीच्या कठड्यावर बसवून आनंदाने घुमायला लावलं.